जुमानाचे नऊ सेंटिमीटर

वगदीने मुलीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, तिच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीने बारीक रेघ मारली. मग खात्याची पोलादी टेप लावून आकडा वाचला. एकशे तीन. पुन्हा वाचला, तरी एकशे तीनच. गेल्या वाढदिवसाची रेघ चौऱ्याण्णववर होती. म्हणजे जुमाना वर्षभरात चांगली नऊ सेंटिमीटर वाढली होती.

दोनदा वाचायची तशी काही गरज नव्हती. पण वगदी अलेक्झांड्रियाच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होता, आणि चौदा वर्षं लोकांचे तराजू तपासल्यावर माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा राहत नाही. तो मासळीबाजारात शिरला की तराजूखाली चिकटवलेली लोहचुंबकं पटापट मालकांच्या खिशात जात. एका खाटकाने एकदा त्याला अर्धं कोकरू देऊ केलं. वगदीने ते आधी तोलून पाहिलं, मग परत केलं, आणि अर्धं कोकरू वजनात कमी भरतं म्हणून वर दंडही केला. अशी ही असामी होती.

जुमाना जन्मली तेव्हापासून त्याने एक निळी वही ठेवली होती. दर वाढदिवसाच्या आधी त्यात एक पान लिहायचं, लेकीची वर्षभराची प्रगती नोंदवायची आणि खाली, सवयीने, 'तपासले, बरोबर आहे' असा शेरा मारून सही करायची. परवा गुरुवारी जुमानाला चौथं वर्ष पुरं होत होतं. वगदीने खुर्ची ओढली आणि यंदाचं पान लिहायला घेतलं. उंचीत वाढ नऊ सेंटिमीटर. शंभरपर्यंत आकडे येतात. दुकानांच्या पाट्या वाचते. स्वतःचं ताट संपवून माझ्या ताटातलं खाते. वर्षभरात एकदाही आजारी पडली नाही. इथवर खात्याची भाषा होती. मग त्याचा हात जरा थांबला. गेल्या वर्षी हिला कडेवर घेऊन पाच मजले चढावे लागत, यंदा ही पुढे पळते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून विचारते, बाबा, दमलात का? हे लिहिताना निरीक्षकसाहेबांचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोला.

पान इतकं चांगलं उतरलं होतं की त्याने त्याचा फोटो काढून फोनवरून घरच्यांच्या गटात पाठवून दिला. गटात चौघंच होते: तो, बायको रबाब, सासूबाई हज्जा बहीजा आणि कुवेतला असणारा मेहुणा. फोन खाली ठेवून त्याने चहाचा घोट घेतला. एवढ्यात स्वयंपाकघरातून हज्जा बहीजा बाहेर आल्या. त्यांच्या एका हातात भात भरायचं द्राक्षाचं पान होतं, दुसऱ्यात फोन होता आणि चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता.

"वगदी, हे तू कुणाला पाठवलंस?"

"घरच्यांना."

"घरचे सव्वीस जण कधीपासून झाले?"

वगदीने फोन पाहिला. पान इमारतीच्या गटात जाऊन पडलं होतं. हा गट चार वर्षांपूर्वी लिफ्ट दुरुस्त करण्यासाठी निघाला होता. लिफ्ट काही दुरुस्त झाली नाही, गट मात्र धडधाकट होता. वगदी म्हणाला की पुसून टाकतो, त्यात काय एवढं. हज्जांनी फोन त्याच्या नाकाशी धरला. दुसऱ्या मजल्यावरच्या मदाम इक्बालने पान वाचलं होतं आणि खाली एक लालभडक हृदय पाठवलं होतं.

आता मदाम इक्बाल म्हणजे काय चीज आहे हे सांगायला हवं. बाई एकट्या राहणाऱ्या, निवृत्त शाळा तपासनीस, बोलायला गोड. पण हज्जा बहीजांच्या मते त्यांच्या डोळ्याला डोळा म्हणणं हाच कमीपणा होता, ते हत्यार होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांची जिरॅनियमची फुलं त्यांनी वाखाणली, आठवड्यात कुंड्या वाळल्या. तळमजल्यावरच्या औषधवाल्याच्या मुलाची नवी गाडी पाहून 'वा' म्हणाल्या, गाडी खांबावर गेली. आणि लिफ्ट? हज्जा लेकीच्या बाळंतपणाला तांता शहरातून आल्या त्या दिवशी मदाम इक्बाल लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत होत्या, काय सुरेख चालते नाही, असं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट जी बसली ती अजून उठलेली नाही.

त्यामुळे या इमारतीत कुणीच सुखी नव्हतं, निदान जिन्यात तरी नव्हतं. घरात कोंबडी शिजत असली तरी जिन्यात भेटल्यावर जो तो कंबर धरायचा. मुलगा पहिला आला तर कसाबसा सुटला म्हणून सांगायचं. कर्नलसाहेबांनी नवा फ्रिज घेतला तो चादरीत गुंडाळून, आजारी आत्याला वर नेतोय असं सांगून नेला होता. एवढी काळजी घेणाऱ्या इमारतीत वगदीने दिवसाढवळ्या लेकीचं जेवण, तब्येत, अक्कल आणि उंची, सगळं आकड्यांसकट चव्हाट्यावर मांडलं होतं.

"वर्षभरात एकदाही आजारी पडली नाही म्हणे," हज्जा खाली बसत म्हणाल्या. "अरे, असं शत्रूसुद्धा लिहीत नाही रे."

त्यांनी ताबडतोब हातातलं सोडून कामाला सुरुवात केली. निखाऱ्यावर तुरटी आणि धूप पडला. वगदीच्या खात्याचं एक परिपत्रक टेबलावर होतं, त्याची कात्रीने बाहुली कापली गेली. मग सुई घेऊन बाहुलीला भोकं पाडणं सुरू झालं: ही इक्बालच्या डोळ्यात, ही कर्नलच्या, ही औषधवाल्याच्या, ही त्याच्या बायकोच्या. सव्वीसच्या सव्वीस नावं झाली. शेवटची सुई वगदीच्या नावाने टोचली, कारण बापाची दृष्टसुद्धा लागते आणि ती उतरायला सगळ्यात चिवट. मग बाहुली जाळली, राखेचा टिळा जुमानाच्या कपाळाला लागला. तिने तो आरशात पाहिला आणि आणखी एक मागितला.

एवढ्याने भागलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण हज्जांचं म्हणणं पडलं की गटात खुलासा गेला पाहिजे. आकडे चुकले म्हणून लिही. वगदीने साफ नकार दिला. माझा आकडा चुकत नाही, तो म्हणाला, आणि मी खोट्या मापावर सही करणार नाही, मग भले मला नोकरीवरून काढा. हज्जा म्हणाल्या, सही कोण मागतंय, नुसतं लिही. तेव्हा त्याने आशेने रबाबकडे पाहिलं. रबाब टेलिफोन कंपनीत काम करायची, शिकलेली होती, दृष्टबिष्ट काही मानत नव्हती.

"मी मानत नाही," रबाब म्हणाली. "पण रविवारी शाळेची मुलाखत आहे. उगाच कशाला?"

या 'उगाच कशाला'पुढे भल्याभल्यांचं चालत नाही, वगदीचं काय चालणार. ती शाळा म्हणजे अख्ख्या सीदी बिश्र भागातली एकमेव अशी शाळा, जिच्यासाठी माणसं मूल व्हायच्या आधी अर्ज करतात. एका जागेला चाळीस पोरं. वगदी स्वतः सरकारी शाळेत पासष्ट जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर वाढला होता आणि फळा कसा दिसतो हे त्याला मोठेपणी कळलं. लेकीला पहिल्या बाकावर बसलेलं पाहायचं, एवढं एकच मागणं त्याने देवाकडे चार वर्षं लावून धरलं होतं. ते मोडायची जोखीम घ्यायची त्याची छाती झाली नाही. हज्जा सांगत गेल्या आणि तो लिहीत गेला. मागच्या मजकुरात बापाच्या वेड्या मायेने चूक झाली. उंची नऊ नव्हे, चारच सेंटिमीटर वाढली. आकडे सातच्या पुढे जात नाहीत. अन्नावर वासना नाही. खोकला हटत नाही. आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्या.

आता लोकही लोकच. नऊ सेंटिमीटरला एकट्या मदाम इक्बालनी हृदय पाठवलं होतं, चार सेंटिमीटरला झाडून सगळे धावून आले. औषधवाल्याने भूक वाढवायचं सरबत पाठवलं. कर्नलसाहेबांनी, आमच्याही घरात एक असंच मूल होतं, आता खूप बरं आहे, बागकाम करतं, असं लांबलचक पत्र लिहिलं. त्या संध्याकाळी वगदी कचेरीतून परत येताना जिन्यात प्रत्येक दार उघडलं, प्रत्येकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यालाच वाटायला लागलं की पोरीचं खरंच काही खरं नाही.

बुधवारी सकाळी दस्तुरखुद्द मदाम इक्बाल वर आल्या. दुखऱ्या गुडघ्याने काठी टेकत, दर मजल्यावर थांबत, हातात पायाच्या सूपाचं झाकलेलं पातेलं घेऊन. त्यांच्या काठीचा आवाज तिसऱ्या मजल्यावर आला तेव्हाच हज्जांनी जुमानाला बिछान्यात कोंबलं, गळ्याभोवती लोकरी शाल गुंडाळली आणि बजावलं: खोकायचं. कुणी काही विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं. तुला काय येतं ते बाहेरच्या कुणालाही सांगायचं नाही, कधीच नाही.

जुमानाला हा खेळ फार आवडला. ती अशी खोकली की खुद्द हज्जाही क्षणभर घाबरल्या. मदाम इक्बालनी तिच्या डोळ्यांसमोर तीन बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. जुमानाने बराच वेळ विचार केला आणि खोल आवाजात सांगितलं, "माहीत नाही." मदाम इक्बालनी रुमाल काढून डोळे टिपले. म्हणाल्या, काळजी करू नका, त्या शाळेतल्या मुख्याध्यापिका, अब्ला दौलत, माझ्या हाताखाली तयार झालेली. मी आजच फोन करून तिला पोरीबद्दल सगळं सांगून ठेवते.

दार लागल्यावर वगदी खुर्चीत बसला तो बसलाच. मुख्याध्यापिकेला सगळं सांगणार म्हणजे काय सांगणार? सातच्या पुढे आकडे येत नाहीत, हेच ना? चाळीस पोरांतून एक निवडायची, त्यात जिला तीन बोटं मोजता येत नाहीत तिला कोण घेईल? तो खाली जाऊन खरं सांगायला निघाला तेव्हा हज्जा दारात आडव्या झाल्या. खरं सांगितलंस तर पोर जाईल, खोटं ठेवलंस तर नुसती शाळा जाईल, निवड काय ती. रबाबने पायाच्या सूपाची चव घेतली आणि सूप मात्र फर्मास झालंय असं सांगितलं.

गुरुवारचा वाढदिवस एखाद्या तेराव्यासारखा पार पडला. शेजाऱ्यांना बोलवावंच लागलं, आणि शेजारी हळू आवाजात बोलत, लहान भेटवस्तू घेऊन आले. हज्जांनी केकवर तीनच मेणबत्त्या लावल्या होत्या. चार सेंटिमीटरच्या मुलीला चार मेणबत्त्या डोळ्यांवर येतात, असा त्यांचा हिशेब होता. सगळ्यांनी दबक्या आवाजात गाणं म्हटलं. जुमानाने मेणबत्त्या मोजल्या, एकदा सरळ, एकदा उलट, आणि फुंकल्या.

पाहुणे गेल्यावर वगदीला ती दाराच्या चौकटीपाशी सापडली. नव्या रेघेवर बोट ठेवून उभी होती.

"बाबा, मी मोठी झाले की नाही झाले?"

"झालीस ना."

"मग तेता चार का म्हणते? आणि तीन मेणबत्त्या का?" आजीला ती तेता म्हणायची.

खोटा तराजू पकडल्यावर दुकानदार कसे जमिनीकडे बघतात ते वगदीला आठवलं, आणि आपणही जमिनीकडेच बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने निळी वही काढली, पान उघडलं आणि तिला आकडा दाखवला. जुमानाने तो वाचला. नऊ. तिने बोटाने त्याचा गोल आणि शेपटी गिरवली, मान हलवली आणि झोपायला गेली. वगदीला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. काय वाटेल ते होवो, रविवारी पोरीला तिचं खरं माप दाखवू द्यायचं, असं त्याने त्याच जागी ठरवलं.

रविवारी ट्राममध्ये त्याने तिला हळूच समजावलं की आज बाई विचारतील ते सगळं सांगायचं, शंभरपर्यंत म्हणायचं, पाट्या वाचायच्या. हज्जाही सोबत आल्या होत्या, त्यांना कोण अडवणार. त्यांनी दुसऱ्या कानात समजावलं की शाळेच्या ओट्यावर चाळीस आया बसल्या असतील, चाळीस जोड डोळे, तेव्हा तोंड उघडायचं नाही. जुमानाने दोघांनाही हो म्हटलं. आधी वगदीला वाटलं, पोर हुशार आहे, बरोबर काय ते तिला कळेल. मग लक्षात आलं की हुशार आहे म्हणूनच तर धोका.

अब्ला दौलत जाड काचेचा चष्मा लावून टेबलामागे बसल्या होत्या. समोर जुमाना, मागे वगदी आणि रबाब.

"नाव काय बाळ तुझं?"

"माहीत नाही."

"हे काय आहे? सफरचंद की केळं?"

जुमानाने सफरचंदाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर ओट्यावर आया बसल्या होत्या.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि मागाहून आठवल्यासारखं थोडं खोकली.

वगदीचा सदरा पाठीला चिकटला. तो उभा राहिला आणि भडाभडा बोलत सुटला की बाई, हिला शंभरपर्यंत येतं, ही पाट्या वाचते, मी वजनमापे खात्यात आहे, मी खोटं बोलत नाही, म्हणजे मंगळवारी एकदा बोललो, पण ते लिहून. रबाबने त्याची बाही धरून खाली ओढलं. अब्ला दौलतनी चष्मा काढून पुसला.

"बाहेर आजी बसली आहे का?"

"हो," वगदी म्हणाला. "म्हणजे सासूबाई."

"वाटलंच. या आठवड्यात या खुर्चीत चौदा पोरं बसून गेली, एकालाही स्वतःचं नाव माहीत नव्हतं. चौदाही जणांच्या आज्या बाहेर होत्या. तुम्ही दोघं बाहेर थांबा. दार मी लावते."

दाराला वर काचेचा तुकडा होता. वगदी टाचा उंचावून त्यातून बघत राहिला. अब्ला दौलतनी पडदा ओढला, वाकून जुमानाला काहीतरी विचारलं. जुमाना खुर्चीवरून उतरली, टेबलाखाली कोणी नाही ना पाहिलं, मग त्यांच्याजवळ गेली आणि कानाला तोंड लावलं. ती कुजबुजत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. मुख्याध्यापिकेच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. वगदीच्या डोळ्यांपुढे पासष्ट मुलांचा वर्ग आणि शेवटचा बाक उभा राहिला. घरचं सगळं बिंग फोडतेय वाटतं, रबाब म्हणाली. हज्जा ओट्यावर बसून ओळखपाळख नसलेल्या चाळीस बायकांना सांगत होत्या की पोर फार अशक्त आहे, नुसतं शाळा कशी असते ते बघायला आणलंय.

दार उघडलं. अब्ला दौलत कान चोळत बाहेर आल्या.

"शंभरपर्यंत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्रेसष्टला अडली, तर पन्नासपासून परत सुरू केलं. माझ्या भिंतीवरची सूचनाही वाचली. सप्टेंबरात पाठवा. आणि मला कुणाला सांगायचं नाही अशी तिची अट आहे, म्हणून आवाज खाली."

वगदीने विचारलं, की मदाम इक्बालनी आपल्याला फोनवर काय सांगितलं होतं?

"इक्बालबाई? त्या म्हणाल्या, पोरीला सगळं येतं पण घर दृष्ट मानणारं आहे. मोठ्यांना बाहेर काढ आणि दार लाव."

परतीच्या वाटेवर हज्जांनी शेजारच्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा बेताने दोनदा सांगितलं की नाही घेतलं बिचारीला. पण वगदीचं लक्ष नव्हतं. चार दिवस ज्या बाईला आपण मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिनेच पोरीचं भलं केलं. घरी पोचताच त्याने मिठाईचं खोकं घेतलं, जुमानाचा हात धरला आणि हज्जा अंघोळीला गेल्याचं पाहून दुसऱ्या मजल्यावर उतरला.

मदाम इक्बालनी दार उघडलं. हातात काठी नव्हती. वगदीला पाहून त्यांनी दाराआडची काठी पटकन धरली, मग जुमानाकडे पाहून पुन्हा ठेवून दिली. वगदीने खोकं पुढे केलं आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं: पोर शाळेत बसली, नऊ सेंटिमीटर खरे होते, खोकला खोटा होता, आणि तुमच्याबद्दल आमच्या घरात जे बोललं जातं त्याची मला लाज वाटते.

"अरे वगदीबाळा, आत ये आणि आधी दार लाव," त्या म्हणाल्या. "तुझं दुसरं पत्र वाचलं तेव्हाच कळलं मला की बोट तुझं पण शब्द सासूचे. तू दहा वर्षांत कधी 'अन्नावर वासना नाही' असं बोलला आहेस का? मी रडले ते उगाच नाही, रडावंच लागलं. ती बसली होती ना समोर."

"कोण?"

मदाम इक्बालनी छताकडे बोट केलं. आवाज आपोआप खाली गेला.

"तुझी सासू. तुला राग येईल, पण सांगते. तिची नजर वाईट आहे. तांत्याहून आली त्या दिवशी लिफ्टमध्ये मी होते. मला म्हणाली, काय सुरेख चालते नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्ट बसली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. फेब्रुवारीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, देवाच्या दयेने गुडघा असा बरा झाला आहे की मी रोज पहाटे मागच्या जिन्याने उतरून समुद्रापर्यंत चालून येते. इमारतीत कुणाला ठाऊक नाही. वर चढताना मात्र ही काठी न्यावी लागते. माझ्या कॅनडातल्या मुलाला नोकरी नाही असं मी तिला सांगून ठेवलंय. तो तिथे तीन वर्षांपूर्वीच मोठा साहेब झाला."

वगदीने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. आपण या इमारतीत दहा वर्षं राहतो आणि इथे एकाही माणसाची खरी हकिगत आपल्याला माहीत नाही, हे त्याला आता कळलं. दोन बायका, मधे तीन जिने, आणि दोघी एकमेकींच्या भीतीने चार वर्षं लंगडतायत, खोकतायत. त्याला हसावं की रडावं कळेना. जुमाना खोक्यातली मिठाई खात दोघांकडे आलटून पालटून बघत होती. निघताना मदाम इक्बालनी तिला जवळ घेतलं, डोक्यापासून पायांपर्यंत डोळे भरून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, केवढी मोठी झाली, किती हुशार आहे, देव राखो. वगदी मानत नव्हता, तरी दृष्ट लागू नये म्हणून त्याने खिशात हात घालून पाच बोटं पसरली. उगाच कशाला.

वर पोचले तर हज्जा डोक्याला टॉवेल बांधून दारातच उभ्या होत्या. कुठे गेला होतात? खोटं बोलायची पाळी आली की अजूनही वगदीची जीभ टाळूला चिकटायची. तेवढ्यात जुमाना पुढे झाली.

"मदाम इक्बालकडे. तिचा गुडघा फार दुखतोय, तेता. बसता पण येत नाही. आणि तिचा मुलगा रडत होता फोनवर, त्याला कुणी काम देत नाही."

एकही पापणी हलली नाही. हज्जांचा चेहरा कळवळला आणि त्याच वेळी उजळला. बिचारी, त्या म्हणाल्या, तिला उद्या भरलेली द्राक्षाची पानं पाठवू. आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेल्या. गेल्या चार वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

वगदी मात्र लेकीकडे बघतच राहिला. फोनवर रडण्याची गोष्ट तिला कुणीही शिकवलेली नव्हती. गेल्या वर्षी ही 'त' आणि 'द' मध्ये अडखळायची, आणि आज चार ओळींत दोन घरांची अब्रू राखून मोकळी झाली. त्याला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, आणि या दोन्हींमधलं अंतर मोजायला खात्यात पट्टी नव्हती. त्याने निळी वही काढली. शाळेचं लिहायचं राहिलं होतं. त्याने ते लिहिलं, मुद्दाम सुवाच्य अक्षरात, आणि शेरा मारायला पेन टेकवलं.

जुमाना त्याच्या मांडीवर चढली. तिने पान न्याहाळलं, आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"बाबा, इथे चार करा."

"का गं? नऊच आहे. तू स्वतः वाचलंस ना परवा."

"तेता वही वाचते," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "आणि कधी मदाम इक्बाल आली तर तीपण वाचेल. खरं आपल्याला माहीत आहे ना? मग झालं."

वगदीने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. पेन्सिलीची नवी रेघ तिथे होती, एकशे तीनवर, जिथल्या तिथे. त्याने हळूच नऊ खोडला आणि चार लिहिला. तिने तो वाकून पाहिला, तिचं समाधान झालं, तरी मांडीवरून उतरेना. खाली बोट दाखवून वाट पाहत राहिली. मग चौदा वर्षांत जे कुठल्याही खाटकाला जमलं नव्हतं ते झालं. निरीक्षक वगदीने 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि सही केली.